तलावापलीकडचा वकील

बाबा,

नागपूरच्या कोर्टात उभी हयात घालवलेल्या माणसानं अमेरिकेत माझ्याकडे, वेस्ट विंडसरमध्ये, दिवसभर करायचं काय, ही काळजी २००३च्या त्या उन्हाळ्यात मला होती. तुम्हीच आठवड्याभरात तोड काढलीत. तलावापलीकडे एक जुनं लाकडी घर आहे, दीडशे वर्षांपूर्वीच्या एका वकिलाचं. तो पुढे काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून गेला होता. आता त्या घराचं म्युझियम झालंय. मी सकाळी तुम्हाला तिथे सोडायचे आणि जेवायच्या वेळी न्यायला यायचे.

दुपारी स्वयंपाकघरात मेथी निवडत तुम्ही त्याची हकिगत सांगायचात, जणू तो तुमच्याच बार रूममध्ये बसणारा. गिरणीवाल्याचा मुलगा. एका वकिलाच्या ऑफिसात पडेल ते काम करत कायदा शिकला. पळून आलेल्या गुलामांना धरून परत पाठवायचा कायदा आला, तेव्हा यानं विरोधात मत दिलं. गाव बिथरलं. पुढची निवडणूक हरला, अशिलं तुटली.

"मग मिळालं काय त्याला?" मी विचारलं.

"काही नाही. परत आला, ऑफिस उघडलं. एका धोबिणीला तिच्या जुन्या मालकाची माणसं धरून न्यायला आली होती, तिची केस घेतली. तीही हरला." जुडी खाली ठेवून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "पण वकिली नाही सोडली त्यानं. तू इथे आल्यावर का सोडलीस?"

मी चिडले. "माझ्या या व्हिसावर काम करता येत नाही, बाबा!"

"शिकता तर येतं ना?"

त्यावर मी तुमच्याशी धड बोललेसुद्धा नाही. तुम्ही परत गेलात आणि दिवाळीआधी हार्ट अटॅकनं गेलात. पुढच्या वर्षी मी लॉ स्कूलला ॲडमिशन घेतली.

माझी पहिली केस डिपोर्ट होऊ घातलेल्या एका आईची. हरले. बाहेर ती रडत होती, मी म्हटलं, "अपील करू." अपिलात जिंकलो. ती इथेच राहिली, बाबा. मुलांसकट राहिली.

म्युझियमवरून जाताना लेक म्हणते, "आई, लेट्स गो इन, एकदा तरी." मी त्या घरात अजून पाऊल टाकलेलं नाही. कबूल करते, भीती वाटते. हरल्यावर त्यानं वकिली सोडून दिली, असं म्युझियम दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं तर? शेवट तुम्ही माझ्यासाठी बदलला असेल, तर तो तसाच राहू दे. हे पत्र धाडायची सोय नाही तेच बरं. उत्तरात तुम्ही खरं सांगून टाकलं असतं.