तोडण्याआधी विचारायचं

फ्यून, ९ जून

प्रिय राग्ना,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या सिग्नेचं लग्न, आणि तेही सांक्त हान्सच्या शेकोट्यांच्या दिवशी! वाचून मी स्वयंपाकघरातच एक गिरकी घेतली. आम्ही सगळे मजेत. पाऊस नाही, ऊन छान पडतंय.

लग्नात हिल्डच्या झाडाच्या पांढऱ्या फुलांचं सरबत द्यायचंय, कृती पाठव, पण 'आईला कळू देऊ नकोस' असं तू लिहिलंयस. अगं बाई, या घरात आईला न कळता पाणीसुद्धा उकळत नाही! मी वाचत होते आणि ती मागे उभी राहून सांगायला लागलीसुद्धा.

तेव्हा घे लिहून. चांगलं ऊन आल्यावर, दव सुकल्यावरच तुरे तोडायचे. "तिला म्हणावं, धुवायचे नाहीत. पराग धुऊन टाकलास तर पाहुण्यांना साखरेचं पाणीच पाज!" किडे नुसते झटकायचे, हिरवे देठ कापून टाकायचे. मग लिंबाच्या चकत्या, साखर, वरून उकळतं पाणी, आणि झाकून तीन-चार दिवस गार जागी. उरलेले तुरे पातळ पिठात बुडवून तळायचे. थोडे सुकवून ठेव, थंडीत ताप आला की काढ्याला होतात. गावात अजून कुणी शिंकलं की डॉक्टरच्या आधी आपलं दार वाजतं. खरंच सांगते, आईसारखं फुलांतलं कळणारं माणूस मी पाहिलं नाही. तुऱ्याजवळ नाक नेते, "आज नाही, उद्या," म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी काय सुगंध सुटलेला असतो!

"आणि तोडण्याआधी विचारायचं," असं म्हणून ती पाठ फिरवून भांडी घासायला लागली.

कुणाला, ते तुला ठाऊक आहे. मी टाळत होते तो विषय आलाच शेवटी. सिग्ने तुझ्या पोटात होती, तुम्ही नवरा-बायको इथेच राहत होतात. गाडीला जागा हवी म्हणून प्रेबेननं अंगणातलं हिल्डचं झाड पाडलं. झाडात राहणाऱ्या हिल्डमायला कुणी विचारलं नाही की काही नाही. आई तुझ्या तोंडावर म्हणाली, "या लेकराचं आता काही खरं नाही." तू गेलीस ती गेलीसच. बरोबरच केलंस. पोटुशी असलेल्या लेकीला असं कुणी बोलतं का?

पण काल मी तिच्याबरोबर फुलांना गेले. त्या बुंध्याला फुटवे येऊन आता चांगलं उंच झाड झालंय, तू कुठे पाहिलंस! आईनं टोपली खाली ठेवली, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिल्डमाय, चूक आमच्या घरची. राग्नाच्या पोरीवर राग काढू नकोस. घ्यायचंच तर माझं काहीतरी घे." मगच फुलांना हात लावला.

मी म्हटलं, "आई, हे काय?"

"काय म्हणजे? दर वर्षी सांगते. पोरगी धडधाकट आहे ना? मग झालं तर!"

गेल्या वर्षी तिचा गुडघा धरला तेव्हा बया चक्क खूश होती. म्हणाली, "ऐकलं म्हणायचं तिनं." मला वाटलं, म्हातारीचं काहीतरीच. काल कळलं आणि तिथेच रडू फुटलं मला.

राग्ना, ती तुझ्यावर चिडली नव्हती गं. घाबरली होती. तोंड फाटकं म्हणून सगळं उलटंच बाहेर आलं.

सरबत ती स्वतःच करणार आहे. "पोस्टानं जाईल," म्हणते, आणि लगेच, "पण बाटल्या फुटतील." निळा झगा उन्हात घातलाय. विचारलं तर म्हणे, कसर लागली होती. जीव गेला तरी ती बोलावणं मागणार नाही, म्हणून मी मागते. दोनच ओळी लिही. माझ्या पत्रात घालू नकोस, पाकिटावर तिचं नाव असू दे.

पोस्टमन दिसला की माझ्याआधी फाटकाशी पोचणाऱ्या आईच्या घरून,

तुझी
बोडिल