पाण्याकाठची येळवस

माकणी,
२४ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
गौरीशंकरचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं इथं खुशाल आहोत. म्हणजे जेवतोय, झोपतोय.

दाजी फोनवर का येत नाहीत म्हणून तू रागावली असशील. तुळजापूरपासून बालाघाटाचे डोंगर तुडवत आलो तेव्हा ते माझ्यापुढं होते. निवृत्तीनंतरची ही पायी सुट्टी त्यांना फार मानवली होती. मग धरणाच्या खडकाळ काठानं चालू लागलो आणि येळवशीची अमावास्या आली.

त्या दुपारी काठालगत ज्वारीत पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोपी दिसली. एका म्हातारीनं जेवायला हाक मारली. येळवशीला शेतातलं बोलावणं मोडू नये, हे तूच शिकवलंस. बोरं खाऊन माझं पोट बिघडलेलं, म्हणून मी ताकातल्या, लसूण घातलेल्या आंबिलीचा वाडगा नुसता ओठाला लावला. दाजींचं तुला माहीतच आहे, आग्रह झाला की ताट चाटूनपुसून साफ. निघताना म्हातारी त्यांना म्हणाली, "घरात गडी मानूस न्हाय, बाबा. तेवढी पिकाला आंबील शिंपडून जावा."

ती शेताच्या धन्यानंच शिंपडायची असते, अक्का. दाजींनी चरवी घेतली आणि सगळ्या शेताला फेरी मारली.

संध्याकाळी ओळखीच्या आयुबभाईंकडं उतरलो. ते म्हणाले, त्या अंगाला शेत नाहीच, धरण झाल्यापासून पाणी आहे. सकाळी जाऊन पाहिलं तर खरंच पाणी होतं. दाजी मात्र म्हणाले, "कणसं कशी भरल्यात बघ."

तेव्हापासून रोज ते राखणीला जातात. आधी घोट्याएवढ्या पाण्यात, आज छातीएवढ्या. मी दंड धरून ओढून आणतो. घरी चला म्हटलं की हसतात, धन्यानं शेत सोडायचं असतं व्हय, म्हणून मलाच विचारतात. मला भीती वाटते. फोनवर हे बोलता येत नाही, ते शेजारीच बसलेले असतात. काल म्हणाले, "कोपीत बाईमानूस पायजे. तुज्या अक्काला बोलाव."

आज त्यांना ओढताना माझा पाय घसरला, नाकातोंडात पाणी गेलं. ते आंबट होतं, लसणाच्या चवीचं. डोळे उघडले तर ज्वारी माझ्या खांद्याला लागत होती, छान ऊन पडलं होतं आणि म्हातारी माझा वाडगा पुसत होती.

शुद्धीत आहे तोवर लिहितोय. आयुबभाई स्वतः वाशीला येऊन पत्र तुझ्या हातात देतील. त्यानंतर माझा फोन येईल. आवाज माझाच असेल, हुरडा खायला ये म्हणून लाडीगोडी लावीन. येऊ नकोस, अक्का. मी रडलो तरी येऊ नकोस.

आजच्या दिवसापुरता तरी तुझाच,
गौऱ्या