भिंतीमागचे मामा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. टेबलावर वाकून वाकून कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच केला असं समजा.) गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून. तुम्ही मला चुळबुळ्या म्हणायचात ते काही खोटं नाही. दर चार ओळींनी उठतोय, भिंतीचा रंग वाळला का ते बघतोय आणि पुन्हा येऊन बसतोय.

तर भिंत. तुमच्या चौकीची मी करतोय ती छोटी प्रतिकृती महिनाअखेरीस पलटणीच्या मेळाव्यात मांडायची, हे तुम्ही जुन्या दोस्तांना सांगून मोकळे झालात. वर असंही सांगितलंत, की वाळूच्या पोत्यांच्या भिंतीमागे छाती काढून उभे असलेले तुम्ही त्यात हुबेहूब दिसणार. तेव्हापासून तुमचा चौकीवरचा जुना फोटो भिंगाखाली धरून बसलोय. ती पोती त्या मंडळींनी स्वतः भरून रचलेली. एक थर इकडचा तिकडे झाला तर तिथल्या तिथे ओळखतील. नाक कापलं जाईल ते तुमचं, आणि कापणारा मी.

पहिली भिंत मळलेल्या पिठाची केली. (हसू नका. पोती करायचा मसाला, म्हणजे मळून कडक होणारी पुट्टी, संपला होता आणि दुकानदार गावाला गेला होता.) पिठात मीठ आणि गोंद घालून नखाएवढी पोती वळली, विणीचा ठसा उमटावा म्हणून प्रत्येकावर बँडेजची जाळी दाबली. (इतकं बँडेज नेलं, की घरी कोण पडलं, असं औषधवाल्याने काळजीने विचारलं.) पोती इतकी झकास झाली, की तुमच्या भाचेसुनेनेही नावं ठेवली नाहीत, आणि ती कशालाही ठेवते. सकाळी बघतो तर मुंग्या. एक गोळी न झाडता डावी बाजू साफ.

मग मसाला आला. दोन गोळे एकत्र मळायचे आणि कडक व्हायच्या आत हात चालवायचा. नेमका तेव्हाच तुमचा फोन, गुडघ्याबद्दल. गुडघा संपेपर्यंत मसाला लाटण्यावरच दगड झाला. लाटणं अजून तसंच आहे, आणि आमच्या घरात तो विषय निघत नाही. कशीबशी दुसरी भिंत उभी करून तुम्हाला फोटो पाठवला, तर पोत्यांची तोंडं बाहेर कशी काय, गाढवा, म्हणून तुम्ही झापलंत. सगळी काढली. आता तिसरी उभी आहे. तोंडं आत, सांध्यावर सांधा नाही, रंग ओल्या मातीचा, थर तुमच्या फोटोतून मोजून घेतलेले. तेव्हा काळजी नसावी.

वास्तविक एक बारीकशी गोष्ट सांगायची होती, पण आधी रंग बघून येतो.

वाळलाय. कुठे होतो मी? हां, गुडघा शेकत राहा.

तुमचा,
चुळबुळ्या

ता. क. ती बारीकशी गोष्ट. आठवण म्हणून तुम्ही आणलेलं रिकामं पोतं मी मापलं, मामींना फोन करून तुमची उंची विचारून घेतली आणि त्याच हिशेबाने तुमचा पुतळा केला. भिंतीमागे उभा केला, तर नुसती टोपी दिसते. त्या जुन्या फोटोत तुम्ही भिंतीवर कोपर टेकून उभे, दोन्ही खिशांची बटणं दिसताहेत. इथे तुम्ही दुकानाच्या काउंटरपलीकडच्या पोरासारखे. पाय लांबवून पाहिले, भाचेसून हसून हसून खाली बसली. थर कमी करायची सोय नाही. मामा, रागावू नका, पण तुमच्या पायाखाली काय होतं? जे असेल ते करतो. समोरून दिसणार नाही, आणि मेळाव्यात टेबल हॉलच्या भिंतीला असं चिकटवून लावतो की मागे कोणी फिरकणार नाही. तुमच्या दोस्तांपुढे तुमची नुसती टोपी उभी राहिलेली मला बघवणार नाही हो.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो, एवढ्यात मामींचाच फोन. उंची कशाला हवी होती ते त्यांच्या आता लक्षात आलं. म्हणाल्या, बिस्किटांचा लाकडी खोका होता. फोटो काढणाऱ्या दोस्ताने तुमच्या लग्नातच त्यांना सांगितलं होतं, आणि पलटणीत तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. खोका नसला, तर तेच आधी विचारतील म्हणे. तेव्हा टेबल मधोमध लावतो. फक्त तो आडवा ठेवला होता की उभा, तेवढं कळवा.