जुन्या तांदळासारखे पॉइंट

नाही बाबा, आता मधात बोलू नका. तिकिटाचा भाव उतरणार नाही. या महिन्यात नाही, लगीनसराई संपल्यावर नाही, कधीच नाही. आणि "थांब नं, घाई काऊन करून राहिली" हे तर माझ्यासमोर काढूच नका. तुम्हाला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली आणि आम्ही अजून थांबूनच आहो. आई स्वयंपाकघरात गुडघ्याला तेल लावत बसली आहे. तिच्या बाजूला तुमचा फोन चार्जिंगला लागला आहे. तोच, बटणांचा, ज्याचा पाचचा आकडा तुमच्या अंगठ्यानं पुसला गेला. आई त्यात न चुकता रिचार्ज मारते. त्या फोनवर कोणी बोलत नाही. फक्त विमान कंपनीचे मेसेज येतात, आणि आई ते मला वाचून दाखवायला लावते. जसं काही तुम्हीच कुठून पाठवून राहिले.

तुम्ही तांदळाचे दलाल. गोंदियाच्या मिलमधला माल, शर्टाच्या खिशात कागदाच्या पुड्या, प्रत्येक पुडीत मूठभर नमुना. मिलवाले शेठ तिकीट काढून द्यायचे आणि तुम्ही नागपूरहून विमानानं कोचीनला जायचे, तिथल्या व्यापाऱ्यांना उसना, म्हणजे उकडा, तांदूळ दाखवायला. कोची नाही, कोचीनच म्हणायचे तुम्ही. तिकीट शेठचं, पण नाव तुमचं, म्हणून प्रवासाचे पॉइंट विमान कंपनीकडच्या तुमच्या खात्यात. फुलचूरच्या आपल्या गल्लीत तेव्हा विमानात बसलेला माणूस एकच होता, आणि तो परत आला की त्याच्या बॅगेतून हॉटेलच्या साबणाच्या वड्या निघायच्या, आणि आंघोळीच्या वेळी केसांवर घालायच्या त्या प्लास्टिकच्या टोप्या. आईनं त्या टोप्या कधी डोक्यावर घातल्या नाही. ती त्या भांड्यांवर घालायची. कणकेच्या परातीवर, भाजीच्या गंजावर, दह्याच्या वाटीवर. दवनीवाड्याचा मामा एकदा जेवायला बसला, दह्याकडे पाहून म्हणाला, "बाई, दह्यालेही आंघोळीले धाडतं का वो?" तुम्हाला इतकं हसू आलं की ठसका लागला. आईनं तुमच्या पाठीत धपाटा मारला आणि म्हणाली, "हसा. घरवाला कुठं झोपते ते मले मालूमच नाई, नुसत्या टोप्या येतेत घरी."

बस तेवढंच मागितलं तिनं, तुम्ही झोपता ती जागा पाहायची. सोनं नाही, लुगडं नाही. तुम्ही सांगायचे, त्या हॉटेलच्या खिडकीखालून बोटी जातात, आपल्या इथल्या ऑटोसारख्या, माणसं कोंबून, कंडक्टरसकट. आई म्हणायची, खोटं. तुम्ही म्हणायचे, दाखवतो तुले. विमानानं नेतो, त्याच हॉटेलात ठेवतो, खिडकीजवळ खुर्ची टाकून देतो, मोज बोटी.

आणि पॉइंट पुरत होते, बाबा. ही गोष्ट मी विसरायची म्हटली तरी विसरत नाही. कंपनीचा तेव्हा एक तक्ता होता. इतकं अंतर असेल तर इतके पॉइंट, मग तिकीट स्वस्त असो की महाग. साधा, सरळ. तुम्ही सायबर कॅफेतून त्याचा प्रिंट काढून आणला होता आणि देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला होता. मी कॉलेजच्या सुटीत घरी आलेली. आपण जेवायला बसलो आहो. मी तक्त्यावर बोट फिरवून म्हणते, बाबा, दोघांचं जाणं-येणं होऊन जाते, वर हॉटेलची रात्रही निघते, काढून टाका. आई पोळी लाटता लाटता थांबते. तुम्ही उठता, तुमच्या शर्टातून दोन पुड्या काढता, एक माझ्या डाव्या हातावर रिकामी करता, एक उजव्या. "चाव," तुम्ही म्हणता. मी चावते. मला दोन्ही सारखेच लागतात. तुम्ही चिडता. "सारखे? नागपूरचं पानी पिऊन जीभ मेली का तुयी? हा नवा. शिजवला तं गिचका होते. हा जुना, धरून ठेवलेला. दाणा मोकळा होते, फुगते, अन् भावही चढते. पुरते म्हणून लगेच खाऊन टाकाचं नसते पोरी. पॉइंट हायेत, राहू दे. मुरू दे." आई पुन्हा लाटायला लागते. तिची ती पोळी जळली त्या दिवशी.

तुम्ही तांदळात कधी चुकले नाही, म्हणूनच चुकले. धरून ठेवलेला माल चढतो हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. ते तुमच्या दातांत होतं. पुढच्या वर्षी कंपनीनं तक्ता बदलला, त्याच प्रवासाला जास्त पॉइंट लागायला लागले. तुम्ही म्हणाले, मंदी आहे, बसून राहाचं. त्यानंतर पुन्हा वाढले. तुम्ही म्हणाले, आता तर विकणं म्हणजे येडेपणा. मग पोळ्याच्या आधी एक दिवस मिलच्या गेटवर छाती धरून बसले आणि तिथून उठलेच नाही. तुमच्या खिशातल्या पुड्या मीच रिकाम्या केल्या. आईनं तो तांदूळ वेगळा शिजवला आणि तुम्हाला ठेवला, आणि राहिलेला आम्ही दोघींनी खाल्ला. मोकळा झाला होता. जुना होता.

आता माझं ऐका. मी काय करते ते तुम्हाला माहीत नाही. लिहिते, ते सोडा, त्यानं सिलिंडर येत नाही. पोटासाठी मी घरी बसून, तुमच्याच खोलीत, एका हॉटेलवाल्यांच्या पॉइंटची चॅट सांभाळते. कंपनी दुसरी, धंदा तोच. दिवसभर माणसं विचारतात, काल ही खोली इतक्या पॉइंटला होती, आज काऊन वाढली? मी लिहिते, दर मागणीनुसार बदलतात, क्षमस्व. खरं ते लिहायची परवानगी नाही. खरं मी तुम्हाला सांगते. आता तक्ताच नाही. पैशाचं तिकीट चढलं की पॉइंटही त्याच्यासोबत चढतात. सणात, सुट्टीत, लग्नात, जेव्हा माणसाला जायचं असते तेव्हा दुप्पट-तिप्पट, आणि आडदिवशी, जेव्हा कोणी जात नाही, तेव्हा जरा खाली. त्यातही कमी पॉइंटच्या जागा मोजक्या, त्या कधी उघडायच्या आणि कधी बंद करायच्या ते त्यांची मशीन ठरवते. आणि फुकटच्या तिकिटावरही टॅक्स नगदी भरावा लागते. पण असली गोष्ट ही नाही. असली गोष्ट अशी की तांदूळ पिकवावा लागते, बाबा. रोवणा करावा लागते, पाणी लागते, वर्षाला एकच डाव येते. पॉइंट कोणी पिकवत नाही. कंपनी स्वतःच बनवते, हवे तितके, आणि लोकांना जितके जास्त वाटत सुटते तितका एकेकाचा दाम उतरते. माल त्याचा, दुकान त्याचं, काटा त्याचा. जगात गिऱ्हाईक एकच, आणि तो तोच. तुम्ही, गंजबाजारात ज्याच्याशी घासाघीस करायला लोक भ्यायचे, एकाच गिऱ्हाइकाच्या बाजारात माल धरून बसले.

आणखी एक. माझ्या चॅटवर बाया येतात. लिहितात, मिस्टर वारले, त्यांचे पॉइंट होते, मुलीकडे जायला वापरता येतील का. आमच्याकडे त्याचं उत्तर तयार असते. आधी दोन ओळी दुःखाच्या, मग नियम, की सदस्य वारला की खातं बंद, पॉइंट रद्द. बटण दाबलं की दोन्ही एकदमच जातात. काही बाया त्यावर थँक्यू लिहितात. मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि आई विचारते, "काय झालं वो, तोंड काऊन असं?"

तुमच्या कंपनीचाही नियम तोच आहे. मी पाहिलं आहे. म्हणून आम्ही त्यांना काही कळवलंच नाही. पडून राहिलेलं खातं बंद होते, तर मी मधून मधून त्यांच्या दुकानातून काहीतरी बारीक घेत राहिली, एक टॉर्च, एक मोज्यांची जोडी, म्हणजे खात्यात चार पॉइंट पडतात आणि तुम्ही जिवंत राहता. तुमच्या वाढदिवसाला ते तुम्हाला शुभेच्छा पाठवतात. आई त्या दिवशी शिरा करते.

मागच्या हप्त्यात मेसेज आला. सगळ्या जुन्या खातेदारांनी ओळखपत्र द्यावं आणि चेहऱ्याचा ताजा फोटो काढून टाकावा, महिनाअखेरपर्यंत, नाहीतर खातं बंद. मी आईला वाचून दाखवला. ती गुडघ्यावर तेल चोळत राहिली.

"ताजा?" मग तिनं विचारलं.

"ताजा."

"भिताडावरचा चालत नाई का?"

"नाई आई."

तिनं तेलाची वाटी बाजूला सरकवली. "तं मंग बुक कर. आता तुया बाबाले इचारू नको."

मी बसली. तुमच्या खात्यात शिरली. ओटीपीचा आकडा तुमच्या फोनवर आला, आईनं तो मोठ्यानं वाचला. विमान पाहिलं. दोघींचं तर सोडाच, एकटीचं एका बाजूचंही होत नव्हतं. जे पॉइंट कधीकाळी दोन माणसं नेऊन आणणार होते, ते आता नागपूरच्या धावपट्टीवरूनही उचलत नव्हते. तारखा बदलून पाहिल्या, पहाटेचं विमान पाहिलं, आडदिवस पाहिले. आई माझ्या मागे उभी. मग मी हॉटेल पाहिलं. तेच, तुमचं. भर पावसातली एक रात्र, मंगळवारची, जेव्हा तिकडे कोणी फिरकत नाही. तेवढी बसली. थोडे उरले. मी आईच्या नावानं खोली घेतली. खिडकीजवळची मिळेल का म्हणून एक ओळ लिहिली, देतील की नाही माहीत नाही.

"अन् जाचं कसं?" आई म्हणाली.

मी सांगितलं, बिलासपूरहून येणारी गाडी आहे, हप्त्यातून एकदा, आपल्या गोंदियावरून थेट कोचीनला जाते.

"नवीन सुरू झाली का?"

मला खोटं बोलता आलं असतं, बाबा. पण मी म्हटलं, नाही, जुनीच आहे, पहिलेपासून आहे.

ती ओट्याला टेकली. तुमच्यावर चिडेल असं मला वाटलं, मी त्याची वाटच पाहत होती. ती खिडकीकडे पाहून हळूच म्हणाली, "म्हंजे तवाही जात होती. आपल्याच ठेसनावरून. मी भाजी आनाले जात होती तवा ते गाडी उभी राहत असन." मग थोड्या वेळानं, "विमानानंच नेतो म्हनत होते नं. मले कुठं विमान पायजे होतं."

यावर बोला काही. नाही, नका बोलू. तुम्ही म्हणाल, रेल्वेनं काय, कोणीही नेते. मला माहीत आहे तुम्ही असंच म्हणाल, आणि मला ते ऐकायचं नाही, कारण तुम्ही तिला भारी काहीतरी द्यायला निघाले होते हे मलाही कळते, आणि ते कळलं की माझ्यानं भांडणं होत नाही.

हे सगळं मी तुमच्याच खात्याच्या चॅटच्या डब्यात टाईप करून राहिली, दुसरीकडे कुठं लिहावं सुचलं नाही. पलीकडे माझ्यासारखीच कोणी पोरगी बसून असेल. पाठवलं तर तिला वाचावं लागेल, मग दुःखाच्या दोन ओळी, मग नियम. म्हणून पाठवत नाही.

आज गाडी आहे. आईनं जुनी साडी नेसली, नवी हॉटेलात नेसणार म्हणते. डब्यात पोळ्या आणि वांग्याची सुकी भाजी. त्यावर तुमची शेवटची टोपी, पिवळी पडलेली, इलॅस्टिक गेलेली, वरून दोरी बांधून. "तिथून चार-पाच नव्या आनू," ती म्हणाली. "देतेत नं अजून?"

एक सांगायचं राहिलं. उरले त्या पॉइंटांत एक टॉर्चही येत नाही, आणि महिनाअखेरला ते जाणारच. तरी मी ते तसेच ठेवले. तुम्हीच म्हणायचे नं, मुरू दे. मी हसत होती तेव्हा.

फाटकाशी ऑटोवाला हॉर्न देऊन राहिला. आई आत जाऊन बसली पण, तुमचा फोन कमरेला खोचून, आणि ओरडून राहिली, "चाल नं माय, गाडी काय आपल्यासाठी थांबते का?" नाही थांबत. मी हे बंद करते, बाबा. तुमचं काही बोलणं यायच्या आधी.