घरच्या मीटरवर

१६ नोव्हेंबर २००६, अकोला

ड्रिल मशीन कशाने मोजतात? किलोने!

दुपारी अमरावतीहून आले, एसटीतून उतरून थेट खुशालच्या वर्कशॉपवर गेले, तर शटर उघडं. क्षणभर आनंद झाला. आत पाहते तो गयासुद्दीन भंगारवाले काटा लावून उभे. ग्राइंडरचा पाय सुटा करून ठेवलेला. माझ्या धाकट्या भावाने ज्या मशीनवर अर्ध्या जिल्ह्यातल्या कापसाच्या जिनिंगचे रोलर आणि शाफ्ट दुरुस्त केले, ती मशीन आता रद्दीच्या भावाने जाणार. जिन एकेक करून बंद पडले, काम आटलं, हे मला ठाऊक होतं. पण म्हणून काटा?

मी विचारलं, हे काय चाललंय. गयासुद्दीन शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे सगळं थ्री फेजचं आहे. घेणाऱ्याच्या घरी थ्री फेज कुठून येईन? चालत नाही ते लोखंड. लोखंडाले मी भाव देऊन राहिलो."

राग आला, कारण मुद्दा बरोबर होता.

घरी खुशाल पलंगावर भिंतीकडे तोंड करून. "नेऊ दे त्याले," एवढंच बोलला. त्याची बायको लीलाबाई स्वयंपाकघरात मला हळूच सांगत होती — महिनोन्महिने असंच आहे, वर्कशॉपच्या गल्लीतूनसुद्धा जात नाहीत, भाजीला लांबून वळसा घालतात. त्यांचा मुलगा अंकुर संक्रांतीनंतर येऊन दोघांना पुण्याला नेणार. सातव्या मजल्यावर फ्लॅट. "बाबांना आराम मिळेल, आत्या," असं फोनवर मलाही ऐकवून झालं.

आराम! खुशालला मी जन्मापासून ओळखते. तिथे त्या गॅलरीत बसवला तर तो वर्षभरात संपेल. मला हे दिसतं आणि त्याच्या पोराला दिसत नाही.

१७ नोव्हेंबर

गयासुद्दीनशी ठरलं. संक्रांतीपर्यंत काटा बंद. तोवर जे मशीन चालू स्थितीत विकलं जाईल ते माझं, उरेल ते त्यांचं. "मॅडम, शिकवणं अलग आणि विकणं अलग," म्हणून हसले. हसा.

२५ नोव्हेंबर

पॉलिटेक्निकमध्ये आयुष्यभर पोरांना मोटारी शिकवल्या. पहिल्या वर्षी फळ्यावर ‘मिक्सर मॅडम’ लिहून ठेवायचे. त्या मिक्सर मॅडमने आज ग्राइंडर घरच्या सिंगल फेज विजेवर चालवला.

अवघड काही नाही. थ्री फेजची मोटार काढायची, तिच्या जागी सिंगल फेजची जरा कमी ताकदीची बसवायची, पुली बदलायची म्हणजे मोटारीवर ओझं येत नाही. अर्थिंग नीट करायचं. अर्थिंगशिवाय मशीन मी कुणाच्या घरात जाऊ देणार नाही. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर नखं तपासल्याशिवाय वर्गात सोडत नसत. माझंही तसंच समजा.

मोठी लेथ मात्र घरच्या मीटरवर चालणार नाही. तसं खोटं सांगून विकायची नाही. तिला थ्री फेज असलेलं वर्कशॉपच शोधावं लागेल.

लोडशेडिंग सकाळीही आणि दुपारीही. मधल्या वेळात जेवढं होईल तेवढं. हात काळे, साडी काळी. लीलाबाईने जुना गाऊन दिला. रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. बघा.

२६ नोव्हेंबर

ग्राइंडर गेला! विळ्यांना आणि वखराच्या पात्यांना धार लावून देणारा बोरगावचा एक माणूस घेऊन गेला. गावात थ्री फेज येते कधी, जाते कधी, त्याचा भरवसा नाही. सिंगल फेज बराच वेळ असते. त्याने आधी हाताने चाक फिरवून पाहिलं, मग मला नखशिखांत पाहिलं, मग म्हणाला, "तुमीच केलं काय हे?" मी म्हटलं, नाही, शेजारच्या देवळातल्या मारुतीने केलं.

खुशालला सांगितलं. "हं," म्हणाला.

५ डिसेंबर

लोखंड कापायचा पॉवर हॅक्सॉही सिंगल फेजवर आला आणि विकला गेला. मोठी लेथ एमआयडीसीतल्या एकाने आहे तशी नेली. गयासुद्दीन चहा प्यायला येतात, बाकावर बसून बघतात. आज म्हणाले, "मॅडम, तुमी माहा धंदा बुडवून राहिल्या." मी म्हटलं, तुम्ही आमचा बुडवायला आला होता, त्याचं काय.

खुशाल येत नाही. रोज जेवताना मी मुद्दाम चुकीचं काहीतरी बोलते — बेअरिंग भलतंच सांगते, बेल्टचं माप चुकवते. पूर्वीचा खुशाल असता तर ताटावरून उठला असता. आता वरणात बघत बसतो. मशीन विकून उपयोग काय, माणूस असाच राहणार असेल तर?

११ डिसेंबर

आज मी ओरडले. सगळी गल्ली जमली इतकी ओरडले. आणि आयुष्यात इतकी खूश क्वचित झाले असेन!

बँकेचं काम उरकून वर्कशॉपवर पोहोचले, तर दारातच जळका वास. आत धूर. ड्रिल मशीनची मोटार गेलेली आणि तिच्यासमोर खुशाल, हातात टेस्टर! माझी पाठ फिरल्यावर गुपचूप आला होता. शेतावर पंपाला लावतात तो कंडेन्सरचा डबा त्याने ड्रिलच्या थ्री फेज मोटारीला लावला. या भागात कोण लावत नाही? सिंगल फेज आली की डबा लावून विहिरीवरची थ्री फेजची मोटार दामटायची, हे इथे शेंबडं पोरसुद्धा करतं.

"सारा गाव पंपाले लावते. तुही नवी मोटार काहून पाहिजे?" मलाच विचारतो!

मी सांगितलं, पंपावर चालू असेपर्यंत पाण्याचं ओझं असतं. ड्रिल निम्मा वेळ रिकामं फिरतं. एवढा मोठा कंडेन्सर रिकाम्या मोटारीला कायम जोडला की तिचं वाइंडिंग भाजून निघतं. बिनडोक, अर्धवट, आईने तुला शाळेतून काढायला नको होतं — हेही सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग त्याने जळकी मोटार उचलून टेबलावर ठेवली आणि पान्याने तिची कव्हरं खोलायला घेतली. वाइंडिंग कुठे भाजलं ते त्याला बघायचं होतं.

मी बाहेर जाऊन डोळे पुसले. धूर फार होता.

१२ डिसेंबर

सकाळी खुशाल माझ्याआधी हजर. मोटार त्याने धरली, बोल्ट मी कसले. ड्रिलला नवी मोटार बसली.

२२ डिसेंबर

अचलपूरहून यास्मीन नावाची बाई आली. गयासुद्दीनच्या नात्यातली, त्यांनीच पाठवली — म्हणजे स्वतःचं भंगार स्वतःच कमी करताहेत! खरादी घराणं, लाकूड कातणारं. वडिलांनी आयुष्यभर खाटेचे पाय, लाटणी, पाळण्याचे लट्टू केले. वडील गेल्यावर मशीन चुलत्यांच्या कारखान्यात गेली. तिला कला येते, पण कारखान्यात तिला उभं करत नाहीत. घरात मशीन हवी, घरच्या मीटरवर.

आमच्याकडे साच्यांसाठी लाकूड कातायची छोटी लेथ होती. तिने बोटाने टूल टेकवायची पट्टी चाचपली, पटाशी मागितली, वीज होती तेवढ्यात एक लाटणं काढून दिलं. खुशाल तिच्या हातांकडे बघत होता. मोटार सिंगल फेजची मी कालच बसवली होती.

"घेऊन जा," तो म्हणाला. "आमी येऊन बसवून देतो."

आमी! मी वळून बेल्ट पुसायला घेतला. बोलले असते तर माघार घेतली असती त्याने.

२९ डिसेंबर, अचलपूरहून परत

नाचक्की.

लेथ यास्मीनच्या ओसरीत बसवली, अर्थिंगचा खड्डा खणला, सगळा मोहल्ला जमला. बटण दाबलं. मोटार नुसती घुमली. घरातले दिवे मिणमिणले, लेथ जागची हलली नाही. तिथे व्होल्टेज इतकं पडतं की बेल्ट आणि लाकडाचं ओझं घेऊन मोटार उचलतच नाही. अकोल्याला चालली होती. तिथलं व्होल्टेज मी मोजलंच नव्हतं. यास्मीनचा चुलता कठड्याला टेकून म्हणाला, "औरतों का कारखाना ऐसाच चलता." यास्मीन मान वर करीना.

मोठी मोटार लावली तर मीटरला झेपणार नाही. हत्यारं गोळा करून निघालो.

परतीच्या एसटीत खुशाल खिडकीकडे तोंड करून बसला. मला वाटलं, झालं, पुन्हा भिंत. परतवाडा मागे पडल्यावर त्याने माझ्या हातातलं तिकीट घेतलं, मागच्या बाजूला पेनाने काहीतरी रेखाटलं आणि माझ्यापुढे धरलं. दोन पुल्या, मध्ये सैल बेल्ट, बेल्टवर टेकणारं एक छोटं चाक, खाली पायाची पट्टी.

"मोटार आधी रिकामी सुटू दे," म्हणाला. "वेग पकडला का पायानं बेल्ट ताणायचा. जिनमधी जुनी मशीन असीच राहे."

मी ते चित्र बघत राहिले. पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला, कारण मी खुशालच्या पाठीत जोराचा धपाटा घातला होता.

७ जानेवारी २००७, अचलपूर

चालली!

खुशालने चाक आणि पायपट्टी भंगारातून केली. गयासुद्दीनने स्वतः ढिगातून सुटे भाग शोधून दिले. व्होल्टेज सर्वांत पडतं त्या वेळेलाच लावायचं, असा मी हट्ट धरला. चुलता आलाच होता. बटण दाबलं, दिवे मिणमिणले, मोटार रिकामी सुटली. यास्मीनने पाय ठेवला. बेल्ट ताणला, सागाचा तुकडा फिरू लागला. तिने पटाशी टेकवली आणि भुसा उडायला लागला. पाय उचलला की लाकूड थांबतं, मोटार फिरतच राहते. हे तिला चुलत्याच्या कारखान्यात नाही! तिने दोनतीनदा उगाच थांबवून-चालवून दाखवलं, त्याच्याकडे न बघता.

चुलत्याने खाली वाकून पायपट्टी पाहिली. "ये किसने बनाया?"

"आमच्या मॅडमनं अन् मी," खुशाल म्हणाला.

‘आमच्या मॅडमनं’! पन्नाशी उलटून गेलेल्या भावाने असं म्हटल्यावर काय करायचं असतं, ते कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं नव्हतं. मी चुलत्याला सांगितलं की तुमच्या कारखान्यात अर्थिंग नाही, मी येताना पाहिलंय, कुणीतरी मरेल.

यास्मीनच्या आईने शिरखुर्मा केला. दोन वाट्या खाल्ल्या.

१४ जानेवारी, अकोला

संक्रांत. वर्कशॉप रिकामं. काट्यावर एकही मशीन गेलं नाही. गयासुद्दीन तिळगूळ घ्यायला आले, तर मी त्यांना मोकळी जमीन दाखवली. त्यांनी मला सलाम केला आणि मी तो मुकाट्याने घेतला, कारण तो माझ्या हक्काचा होता.

जिंकले. पण खुशाल त्या रिकाम्या जमिनीवर झाडू मारत होता, पुन्हा पुन्हा तिथेच. परवा अंकुर येतोय. लीलाबाईने बॅगा भरल्या. मशीन वाचवली खरी. माणसासाठी काय उरलं, ते माझं मला सांगता येईना.

१७ जानेवारी

सकाळी वर्कशॉपच्या दारात ट्रक. तेल्हाऱ्याच्या एका बंद जिनचं सगळं सामान — लेथ, ड्रिल, शेपर, पंख्याएवढ्या पुल्या. पुढे गयासुद्दीन ("किलोनं घेतलं, मॅडम, आता चालू करून विकू"), वर चढून दोर सोडणारा खुशाल, आणि खाली पुण्याचे बूट घातलेला अंकुर, एका मोटारीचं टोक धरून घामाघूम. "आत्या, बाबा म्हणतात सहा महिने तरी सवड नाही," एवढंच बोलला आणि पुन्हा वाकला.

अमरावतीच्या माझ्या घरासाठी भाडेकरू बघायला हवा.