एकशे सतराचं ताट

७ सप्टेंबर २००९, सोमवार

आई म्हणत होती, पितृपक्षात नवी नोकरी धरू नको. म्हटलं, बाई, कॉम्प्युटरला पितर नसतात. आणि सकाळच्या देवळी-वर्धा गाडीत जाऊन बसले. खिडकी मिळाली, शेजारच्या म्हातारीने फुटाणे दिले, ऑटोवाल्याने पत्ता न चुकता संस्थेच्या दारात सोडलं. एवढं सुरळीत माझ्या आयुष्यात सहसा होत नाही.

संस्थेचं नाव लिहीत नाही, करारात तसं लिहून घेतलंय. कॉलेज, वसतिगृह, मेस, वाचनालय, दवाखाना, सगळं एकाच आवारात. आतापर्यंत प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि पोरं रोज विसरायची. आता एकदाच लॉगिन करायचं. मुख्य मशीन सांगणार की हा माणूस अमुक आहे, आणि मेस, वाचनालय, दवाखाना, गेट हे चौघं तिच्या शब्दावर विश्वास ठेवून आपापलं दार उघडणार. ते विश्वास नीट ठेवतात की नाही, हे तपासणारी मी. चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा, त्यावर कमांड लिहायची, एंटर दाबायचं, आणि चार ओळी यायची वाट पाहायची. पास किंवा फेल. मला हे काम आवडतं, कारण त्यात कुणाच्या हाताला हात लागत नाही.

१४ ऑक्टोबरपर्यंत सगळं पास झालं तर नोकरी पक्की. नाही तर परत देवळी, आणि तिथं तो किराणावाला टपून बसलेलाच आहे. पाहायला आला तेव्हा माझ्यासमोर काडीने कान कोरला आणि ती काडी हुंगली. मी मेले तरी त्या घरात जाणार नाही.

बसायची जागा म्हणजे मेसच्या मागची जुनी कोठी. आधी धान्य असायचं, आता मशिनी आहेत, कारण जाड भिंतींमुळे थंड राहते. लोखंडी दार, वर एक झरोका, मोबाईलला रेंज नाही. मी पूर्ण खोली फिनाईलने दोनदा पुसून घेतली.

९ सप्टेंबर

चाचणीसाठी एक माणूस लागतो, म्हणजे नुसतं नाव आणि क्रमांक. ऑफिसचे मुख्य बाबू प्रभाकरराव यांनी एक दिला. क्रमांक ११७, चंद्रभान. म्हणाले, जुना कोठीवाला आहे, चारही रजिस्टरात नाव आहे, आणि तक्रार करणारा नाही. मला हसू आलं. कमांड दिली, चार ओळी आल्या. मेस पास, वाचनालय पास, दवाखाना पास, गेट पास.

एक गंमत झाली. मेसचा कुपनांचा छोटा प्रिंटर माझ्याच टेबलावर आहे. चाचणी झाली की तो कुपन काढतो. मी ते फाडून टाकणार तोच स्वयंपाकीण रुख्माबाई आली, कुपन उचललं, आणि थोड्या वेळाने वरण, भात, पोळी, आलू-वांग्याचं ताट आणून कोठीच्या कोपऱ्यात ठेवलं. म्हटलं, अहो बाई, खोटं नाव आहे ते. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली की नाव आलं तं वाढा लागते. मी नळावर हात धुवायला गेले, आले तर ताट रिकामं. कुत्रं शिरलं असणार. नत्थूला सांगितलं दाराकडे लक्ष दे.

नत्थू चौकीदार. तो कशाकडेच लक्ष देत नाही, फक्त यादीकडे. गेटवरच्या कॉम्प्युटरवर कोण आत, कोण बाहेर ते दिसतं. कोठीत काम करणारा माणूस यादीत बाहेर दिसला की हा येऊन दाराला कुलूप ठोकतो, आत डोकावतसुद्धा नाही. प्रभाकररावांचा हुकूम आहे, यादी म्हणजे यादी.

१५ सप्टेंबर

कुत्रं नाही. आज मी दार लावून नळावर गेले होते.

ताट नुसतं रिकामं नव्हतं, चाटलेलं होतं. जिभेच्या ओल्या रेघा, कडेपर्यंत. आणि ताटाखाली पांढरट गोळे, लिंबाएवढे, पाच-सहा. पेनाने एक फोडून पाहिला. तांदूळ. शिजलेला भात नाही, कच्चे तांदूळ, चावून चावून थुंकलेले. थुंकी अजून ओली होती. मी बाहेर जाऊन ओकले आणि आजचा डबा नत्थूला देऊन टाकला.

रुख्माबाईने ते गोळे हाताने उचलले. नुसत्या हाताने. आणि पदराला हात पुसून परत पोळ्या लाटायला बसली. मी इथली पोळी आता जन्मात खाणार नाही.

२२ सप्टेंबर

किबोर्डवर हळद. एंटरच्या बटणावर तेलकट बोट, आणि बटणांच्या फटींत चघळलेले कण. मी एकेक बटण उचकटून स्पिरिटने पुसलं. वास जात नाही. आंबलेल्या तोंडाचा वास, सकाळी दात न घासलेल्या माणसाचा.

काम मात्र पुढे चाललंय. दवाखाना आता ओळखीसोबत माणसाचं शेवटचं वजनही पाठवतो. वजन पहिल्यांदा आलं त्या दिवशी ११७चं अडतीस होतं. आज एक्केचाळीस. कंपाउंडरला विचारलं, हा माणूस तपासून घेऊन राह्यला काय. तो म्हणाला, या नावाचा कोणीच येत नाही. आकडा कोण भरतं, त्यालाही ठाऊक नाही.

१ ऑक्टोबर, गुरुवार

आज रुख्माबाईला दारातच धरलं. म्हटलं, सांगितल्याशिवाय सोडत नाही. ती खाली बसली आणि तिने सगळं एका दमात सांगितलं.

चंद्रभान मेला. तीन वर्षं झाली. दिवाळीच्या सुट्टीचा दिवस होता, दुपारी तो याच कोठीत पोत्यांवर पडला होता. प्रभाकररावांना गावची गाडी गाठायची होती. एकेकाची सही घेत कोण बसणार, म्हणून सगळ्यांच्या नावापुढे त्यांनीच ‘गेला’ लिहून टाकलं. नत्थूने रजिस्टर पाहिलं आणि कुलूप लावलं. आठ दिवसांनी उघडलं. पाणी नव्हतं. पोत्यातले कच्चे तांदूळ त्याने चावले, घशाखाली उतरले नाहीत, थुंकले. खोलीभर ढीग होते म्हणाली. मागेपुढे कोणी नव्हतं, तेरवीसुद्धा कोणी केली नाही.

आणि त्या दुपारी त्याचं ताट उरलं होतं. रुख्माबाईने पाहिलं आणि झाकून ठेवलं. तो काऊन आला नाई हे विचारलं नाही, कारण तिलाही बस गाठायची होती. हे सांगताना ती रडली नाही, पण हातातल्या कुपनाची तिने गोळी करून टाकली होती. म्हणून आता नाव आलं की वाढते. तेरवीनंतर मेलेल्याले ताट वाढत नाईत हे तिला कळतं. तो जात नाई मग. पण नाव येते तं मी का करू, म्हणाली.

नाव कोण पाठवतं? मी. दिवसातून वीस वीस वेळा, एंटर दाबून.

५ ऑक्टोबर

प्रभाकररावांकडे गेले. दुसरं नाव द्या म्हटलं. ते पान लावत होते. बोटाचा चुना चाटत म्हणाले, मेला माणूस सगळ्यात चांगला, पोरी, त्याच्या नावावर काही केलं तरी बोंब मारत नाही. लाल दात दाखवून हसले. मला त्या माणसाची जी शिसारी आली ती कोपऱ्यातल्या गोळ्यांचीही कधी आली नव्हती. टेबलावरचं त्यांचं पानाचं तस्त त्यांच्याच डोक्यावर पालथं घालावंसं वाटलं. घातलं नाही. पक्की नोकरी पाहिजे ना मला.

म्हणजे मीही त्यांच्यातलीच.

८ ऑक्टोबर

ठरवलं, त्याच्या नावाने आता एकही कमांड नाही. त्याचं नाव काढलं आणि जागेवर माझं टाकलं, मोहिनी. क्रमांक तोच ठेवला, ११७. नवा क्रमांक चारही ठिकाणी चढवायला पंधरा दिवस लागतात आणि माझ्याजवळ सहा आहेत. मेस, दवाखाना, गेट, सगळे क्रमांकच ओळखतात, नाव नुसतं वर चिकटवलेलं असतं. कुपन माझ्या नावाचं येईल. जिवंत माणसाचं ताट, जिवंत माणूस नाही जेवला तरी कुणाचं बिघडत नाही.

रुख्माबाईला सांगितलं. ती म्हणाली की बाई, घर त्याचंच ठेवलं अन् पाटी तेवढी बदलली तुनं.

९ ऑक्टोबर

ताट वाढलं. नळावर गेले नाही, बसून राहिले, ताटावरून नजर हलवली नाही. तासभर काही नाही. शिंक आली. डोळे उघडले तर चाटलेलं.

दवाखान्यात जाऊन काट्यावर उभी राहिले. आले तेव्हा बावन्न होते, आज पंचेचाळीस. बरोबर आहे, महिना झाला घशाखाली घास उतरत नाही, कशातही तोच वास येतो, आईच्या हातच्या भाकरीतही. परत येऊन कमांड दिली. ११७, वजन पंचेचाळीस.

माझं की त्याचं, हे मशीन सांगत नाही.

१२ ऑक्टोबर

खुर्ची गरम असते. सकाळी आले की बसायची जागा गरम. आणि ओली.

उभ्यानेच काम करते.

१४ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी १०

काल मतदानाची सुट्टी होती, आज शेवटचा दिवस. दुपारी सगळे दिवाळीला जातात, थेट पुढच्या सोमवारनंतरच उघडेल. बॅग सोबत आणलीय. आईला सांगितलंय की मी परस्पर तळेगावला मावशीकडे जाते, भाऊबीजेला येईन. मावशीला कळवलंच नाही, एकदम जाऊन उभी राहणार आहे. तिच्याकडे जाऊन आधी अंगभर साबण लावून आंघोळ करीन.

एकच चाचणी उरली, बाहेर पडायची. एका ठिकाणी बाहेर पडलं की चारही ठिकाणी बाहेर दिसलं पाहिजे. तीन आठवडे हीच एक फेल होत होती.

रुख्माबाई जाताना दारात आली होती. माझ्या हातावर साखर ठेवली. गावी निघाली म्हणे, आणि तूही लवकर निघजो. साखर मी कागदात बांधून ठेवली. तिच्या हाताची आहे, खाववत नाही.

१२.४०

पास. चारही पास. मेस, मोहिनी बाहेर. वाचनालय, मोहिनी बाहेर. दवाखाना, बाहेर. गेट, बाहेर. झाली मी पक्की. तो किराणावाला बसो आता कान कोरत. दोन ओळी लिहिते, बॅग उचलते आणि

कुलूप वाजलं.

१२.५५

हात सुजले दार ठोकून. नत्थू नत्थू ओरडले. सायकलची घंटी ऐकली, दूर जाताना. गेटवर मोहिनी बाहेर. मीच लिहिलं ते. माझ्याच बोटाने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लाईट गेली. मेन स्विच बंद करून गेला. मशीन बॅटरीवर आहे. परत आत येते, लॉगिन करते, निदान यादीत तरी दिसेन, कुणी पाहो न पाहो —

उत्तर आलं. क्रमांक ११७ आधीच आत आहे.

३ वाजता

पाच वेळा केलं. तेच. आधीच आत आहे.

पाण्याची बाटली अर्धी. डब्यात एक पोळी. झरोक्याला हात पुरत नाही. खुर्चीवर चढले असते, पण खुर्चीवर —

मी खुर्चीकडे पाहत नाही.

१५ तारीख असेल

झरोक्यातून उजेड आला. फटाके वाजून राह्यले कुठेतरी. पाणी संपलं. पोळी तोंडात घातली, गिळली जात नाही, चावून चावून थुंकली. आपल्याच पायाशी तो गोळा पाहिला आणि

आई, मी मावशीकडे नाई गेलती. कोणी विचारा न. मी काऊन आली नाई हे कोणी तरी विचारा.

नंतर

प्रिंटर वाजला. मी कमांड दिली नाई. किबोर्डाले हात नाई लावला. कुपन निघालं. ११७, मोहिनी, ताट एक.

रुख्माबाई गावी गेली. आता कोण वाढते.

कोपऱ्यातून ताट सरकून राह्यलं. आवाज येऊन राह्यला फरशीवर. हळूहळू. रिकामं नाई ते, भरलेलं हाये. पांढरं. ओलं. वरपर्यंत रचलेलं, अजून लाळ गळून राह्यली कडेवरून. माह्या पायाशी थांबलं.

नाव आलं तं वाढा लागते.

महिना झाला मले जेवणाचा वासच सहन होत नोहता. आता हा वास — किळस नाई येऊन राह्यली. आई, किळस काऊन नाई येत. मले भूक लागली हाये, लय भूक, फक्त एक घास, बोटानं थोडंसं —