तीनशे वॅट

४ फेब्रुवारी
आज नव्या कामावर रुजू झाले. पंधरा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली, आता चाकांवरचा वॉर्ड मिळाला म्हणायचं. पेशंट एकच, आजोबा. ऐंशीचे. जन्मभर नकाशे काढले, आता फुप्फुसं थकलीत. तरुणपणी ज्या तळ्याची रेघ त्यांनी कागदावर ओढली, ते बर्फाळ घाटापलीकडचं तळं त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायचंय. म्हणून मुलानं हे फिरतं घर घेतलं. त्याला सगळे दादा म्हणतात, मीही म्हणते. ओटा, फ्रिज, हीटर, खिडक्यांना पडदे. माझा पलंग फळीएवढा आहे, पण माझा एकटीचा.

दुपारभर दादांनी विजेचं समजावलं. छतावर सोलर पॅनेल, पलंगाखाली दोन बॅटऱ्या, मागच्या कप्प्यात जनरेटर. आजोबांचं ऑक्सिजनचं यंत्र तीनशे वॅट खातं, रात्रंदिवस. आधी ते, मग बाकीचे लाड. मी किटली आणि हीटर एकदम लावले तर इन्व्हर्टरनं बोंब ठोकली. आजोबा म्हणाले, मी आणि फ्रिज दोघंही बॅटरीवर, कुरकुरही सारखीच. हसता हसता खोकले.

५ फेब्रुवारी
दिवसभर चढण. गाडी चालू असली की इंजिन बॅटऱ्या भरतं, त्यामुळे चैन. तीनदा चहा झाला. नळी नाकात ठेवूनच आजोबा खिडकीतून दादांना वळणं सांगतात, आणि दादा निमूट ऐकतात. बरी माणसं आहेत.

६ फेब्रुवारी
पहाटेपासून बर्फ. पुढचा रस्ता बंद. वारा लागू नये म्हणून दादांनी गाडी कड्याला अगदी खेटून लावली, मधे हात जाईल एवढीच फट. पॅनेल दोनदा झाडले, पुन्हा पांढरे. इंजिनाचं डिझेल पुरवून वापरायचं आहे. फ्रिज बंद केला, दूध बाहेर ठेवलं. हीटरनं बॅटऱ्या रिकाम्या केल्या, म्हणून जनरेटर लावलाय. गाडीच्या तळातून घरघर येते. ऐकून धीर वाटतो.

७ फेब्रुवारी, सकाळ
फोनला रेंज नाही. चार किलोमीटर खाली रस्तेकामगारांची चौकी आहे, दादा तिथं चालत गेले. दुपारपर्यंत येतो म्हणाले. सवयीनं गाडीची किल्लीही खिशात गेली.

दुपार, साडेबारा
मोठा धप्प आवाज झाला, गाडी कड्यावर आपटली. उतारावरचं बर्फ सरकलंय. दार हलत नाही. समोरच्या काचेत पांढरं. दाराकडच्या खिडक्यांत पांढरं. दुसऱ्या बाजूला खडक. छतावरची झडप ढकलून पाहिली, वर वजन आहे. आजोबांना म्हटलं, दादा येतीलच. जनरेटर चालू आहे, तेवढं नशीब.

दोन वाजता
डोकं ठणकतंय. उलटी झाली. घाबरल्यामुळे असेल. आजोबा मात्र ताजेतवाने, तळ्याच्या गोष्टी सांगतायत. त्यांची नाडी मोजली, आकडा विसरले. पुन्हा मोजली.

दोन वाजता
डोकं ठणकतंय. नाडी मोजली —

हे मी आधी लिहिलंय. आजोबांनीच दाखवलं. म्हणाले, पोरी, तू तेच तेच लिहितेस, आणि उभी राहताना भिंत धरतेस. मग छताकडे बोट केलं. विषारी वायूचा इशारा देणारी डबी तिथं असायला हवी. नुसते दोन स्क्रू आहेत. सारखी पिपी करते म्हणून दादांनी काढून ठेवली होती, म्हणे.

जनरेटरच्या धुराचं तोंड बर्फाखाली गेलंय. धुरातला विषारी वायू खालून आत येतोय. त्याला वास नाही. आजोबांना नळीतून ऑक्सिजन मिळतोय, म्हणून ते शुद्धीत. मी ही हवा ओढतेय. पंधरा वर्षं नर्स, आणि कळलं नाही.

अडीच
जनरेटर बंद कर, आजोबा म्हणाले. मी नाही म्हटलं. बॅटरी चोवीस टक्के. यंत्र दोन तास चालेल, फार तर. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आणखी तास. मग काय? ते म्हणाले, "तू पडलीस तर सिलिंडर लावायला तरी कोण आहे?"

आतल्या बटणानं जनरेटर बंद केला. हीटरही. आता फक्त यंत्राचा श्वास ऐकू येतो.

आत आलेला वायू आतच आहे. तव्यानं खिडकी फोडली. मागे बर्फ, दगडासारखं. हातानं उकरलं, कोपरापर्यंत. बर्फच.

साडेतीन?
अकरा टक्के. दादा नाहीत. हात उचलवत नाही. आजोबा म्हणाले लिहीत राहा, झोपू नकोस. तळ्याचा आकार सांगतायत, उत्तरेला अरुंद, मग —

झोपले होते.

चार टक्के. डोकं थोडं हलकं. नळी माझ्या नाकात आहे. मी लावली नाही. सिलिंडर कुठं — तोही रिकामा, माझ्याच उशाशी.

आजोबा पलंगावर नाहीत. खाली, माझ्या पायांशी बसलेत, भिंतीला टेकून. हाक मारली. हात गार —

नळी त्यांना लावली. नाडी शोधतेय. एक. नाही. एक —

दोन टक्के. यंत्र शिट्टी मारतंय. वर काहीतरी खरवडतंय. फावडं असेल, की बर्फच पुन्हा —

नळी धरून ठेवलीय. आजोबा, ऐका, वर कुणी —